मदत हवी आहे : जॉकी पंप दर चार मिनिटांनी सुरू होतो, हायड्रंट लाइनमधील गळती कशी शोधावी?

नमस्कार. नेरूळमध्ये पाम बीच मार्गालगत आमची गृहनिर्माण संस्था आहे. दोन इमारती आहेत. दोन्हींत तळाला पार्किंग आणि वर बारा मजले. गेल्या सर्वसाधारण सभेत सचिवपद माझ्याकडे आले आणि तेव्हापासून अग्निशमन यंत्रणेचा एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. हे काम प्रत्यक्ष हाताने केलेले कोणी येथे असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

दोन्ही इमारतींसाठी पंपरूम एकच आहे. ती भूमिगत टाकीच्या भिंतीला लागून, टाकीच्याच पातळीला खाली आहे. तेथे विजेवर चालणारा मेन पंप, डिझेलवरचा राखीव पंप आणि लाइनमधला दाब टिकवून धरणारा छोटा जॉकी पंप असे तीन पंप आहेत. गेजवर दाब ७ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) आला की जॉकी सुरू होतो आणि ८ ला बंद होतो. दाब ६ पर्यंत उतरला तर मेन आणि ५ पर्यंत उतरला तर डिझेल, अशी प्रेशर स्विचची मांडणी आहे. पंपरूममधून निघालेली हायड्रंट लाइन, म्हणजे आग विझवण्याच्या पाण्याची पाइपलाइन, पेव्हर ब्लॉकखालून, आवाराच्या कडेने दोन्ही इमारतींच्या रायझरपर्यंत (मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपपर्यंत) जाते. इमारती बांधल्या तेव्हाची, म्हणजे सुमारे वीस वर्षांपूर्वीची ही लाइन आहे आणि जमीन खाडीलगतच्या भरावाची आहे.

जॉकी पंप दिवसातून क्वचितच सुरू व्हावा, असे मला सांगण्यात आले होते. गेल्या रविवारी सकाळी ऑपरेटरसोबत घड्याळ घेऊन मी तासभर पंपरूममध्ये बसलो, तेव्हा तो दर चार मिनिटांनी सुरू होत होता. गेजचा काटा सरकताना दिसत नाही, पण नजर दुसरीकडे वळवून पुन्हा पाहिले की तो खाली आलेला असतो. आवारात कोठेही ओल नाही, पेव्हर ब्लॉक खचलेले नाहीत, मग पाणी जाते कोठे?

सहामाही तपासणी करणाऱ्या एजन्सीला विचारले असता, ‘जुनी लाइन आहे, कुठेही फुटली असेल’ एवढेच उत्तर मिळाले आणि संपूर्ण भूमिगत लाइन बदलण्याचे कोटेशन आले. रक्कम इतकी मोठी आहे की त्यासाठी सभासदांकडून वेगळी वर्गणी काढावी लागेल. एकही चाचणी न करता ते तयार झाले, हे मला पटलेले नाही.

याहून गंभीर बाब पुढे आहे. पंपाच्या आवाजाची तक्रार आली म्हणून त्यांच्या माणसाने पॅनलवरचा सिलेक्टर ‘मॅन्युअल’वर फिरवला आणि तो तसाच ठेवून निघून गेला. अकरा दिवस कोणालाही हे समजले नाही. मी सहज डोकावलो तेव्हा गेज साडेतीन किलोवर होते. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब खर्ची पडतो. म्हणजे बाराव्या मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह (आग विझवण्याची नळी, म्हणजे होज, जोडायचा व्हॉल्व्ह) कोणी उघडला असता तर त्यातून पाण्याचा थेंबही आला नसता. त्या मजल्यावर एक अंथरुणाला खिळलेल्या आजी राहतात. जिना उतरणे त्यांना शक्य नाही, आणि ते अकरा दिवस आठवले की आजही मला झोप लागत नाही.

मी सिलेक्टर त्याच संध्याकाळी पुन्हा ऑटोवर केला. परंतु ‘मॅन्युअलवर असू द्या, वेळ आली तर वॉचमन पंप चालू करील’ असे कमिटीतील दोन सदस्यांचे म्हणणे आहे. रात्री वॉचमन एकटाच गेटवर असतो आणि पंपरूमची किल्ली कार्यालयाच्या कपाटात असते, हे मी त्यांना परोपरीने सांगितले आहे.

म्हणून माझी विचारणा अशी की खोदकाम न करता गळतीची जागा शोधता येते का, लाइन बदलावीच लागली तर ती पुन्हा जमिनीखालूनच टाकावी का, आणि यंत्रणा अशा अवस्थेत असताना जुलैच्या फॉर्म बीचे (यंत्रणा सुस्थितीत असल्याच्या एजन्सीच्या प्रमाणपत्राचे) काय करावे?

प्रतिसाद

नमस्कार सचिवसाहेब. ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांच्या पंपरूममध्ये माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

सिलेक्टर ऑटोवरच ठेवा आणि पंपरूमची एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवा. मेन पंप आपोआप सुरू व्हावा आणि माणसाने हातानेच बंद करावा, अशीच त्याची रचना असते; आग लागलेल्या इमारतीत पंप कोणी सुरू करायचा हा प्रश्नच उद्भवू नये, एवढ्यासाठी ती केलेली आहे.

आता गळतीविषयी. ओल कोठेच दिसत नसेल तर माझा पहिला संशय जमिनीखालच्या लाइनवर नसून पंपांच्या डिलिव्हरीवरील (पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपवरील) एनआरव्हीवर, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर आहे. तुमची पंपरूम टाकीच्या पातळीला असल्यामुळे एनआरव्हीची झडप नीट बसत नसेल तर लाइनमधले पाणी बंद पंपातून उलटे टाकीत जाते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. जॉकी थांबल्यावर प्रत्येक एनआरव्हीला कान लावून पाहा, बारीक सू-सू आवाज पुष्कळदा स्पष्ट ऐकू येतो. त्यानंतर मेन पंपाचा एनआरव्हीपुढचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह बंद करून काटा किती वेळ टिकतो ते लिहून ठेवा, मग तो पूर्ण उघडून डिझेल पंपाचा तसाच तपासा. जॉकीचीही तपासणी याच पद्धतीने करा.

तेथे दोष नसेल तर दोन्ही रायझरच्या तळाचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा. रायझर बंद असतानाही दाब उतरत असेल तर दोष जमिनीखालच्या लाइनमध्ये आहे. दाब टिकला तर तो इमारतीत आहे. मग प्रत्येक मजल्याचा लँडिंग व्हॉल्व्ह, होज रीलचा व्हॉल्व्ह, गच्चीवरचा एअर रिलीज व्हॉल्व्ह आणि गेटजवळच्या फायर ब्रिगेड इनलेटचा (अग्निशमन दलाने बाहेरून पाणी भरायच्या तोंडाचा) एनआरव्ही हात लावून पाहावा लागेल. ही सर्व तपासणी दिवसाउजेडी, ऑपरेटरला पंपरूममध्ये उभे करून करावी, आणि बंद केलेला प्रत्येक व्हॉल्व्ह पुन्हा उघडल्याची नोंद वहीत घ्यावी. चाचणीनंतर बंदच राहून गेलेले व्हॉल्व्ह मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

लाइन बदलायची झाल्यास, शक्य असेल तेथे कंपाउंड वॉलच्या कडेने ब्रॅकेटवर, जमिनीच्या वरून न्या. खाडीलगतच्या खाऱ्या मातीत लोखंडी पाइप बाहेरून खाल्ला जातो आणि फुटेपर्यंत दिसत नाही. पाइप हेवी, म्हणजे सी क्लासचा घ्या आणि रंग देण्यापूर्वी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर दोन तास चाचणी घ्यायला लावा. ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या.

फॉर्म बीविषयी स्पष्ट सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. त्यामुळे ‘एजन्सीने सही केली होती’ एवढ्याने सोसायटीची सुटका होत नाही. एजन्सीकडून दोषांची लेखी यादी घ्या, दुरुस्ती करून घ्या आणि मगच फॉर्म स्वीकारा. तो घेण्यापूर्वी बाराव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह तुमच्यासमोर उघडायला लावा आणि तेथे साडेतीन किलो दाब मिळतो का ते गेज लावून पाहा.

धागाकर्त्याकडून पुढील माहिती

मनःपूर्वक आभार. तुमचा संशय खरा ठरला. मेन पंपाचा एनआरव्ही उघडला तेव्हा झडपेखाली नखाएवढा गंजाचा पापुद्रा अडकलेला मिळाला. झडप साफ करून रबर सीट बदलल्यावर जॉकी आता पंचवीस मिनिटांनी सुरू होतो. उरलेली गळती जमिनीखाली आहे. दुसऱ्या इमारतीकडे जाणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला की काटा तासभर जागचा हलत नाही. म्हणजे बदलायचा आहे तो गेटपासून त्या इमारतीपर्यंतचा तुकडा, संपूर्ण लाइन नव्हे.

मजले तपासताना आणखी एक गोष्ट उघड झाली. नवव्या मजल्यावरचा होज बॉक्स जुन्या वर्तमानपत्रांनी भरलेला होता आणि आतील पितळी ब्रँच पाइप (होजच्या टोकाला लावायचा फवाऱ्याचा पाइप) चोरीला गेलेला होता. ब्रँच पाइप नवीन आणला असून बॉक्सच्या काचा स्वच्छ करून घेतल्या आहेत, जेणेकरून आत काय आहे ते बाहेरूनच दिसेल.

नवीन तुकडा कंपाउंड वॉलवरून नेण्यास कमिटी तयार आहे. अडचण फक्त गेटपाशी आहे. तेथे पाइप वरून नेला तर अग्निशमन दलाची गाडीच आत येऊ शकणार नाही, आणि खालून नेला तर कचऱ्याची अवजड गाडी रोज त्यावरून जाणार. काँक्रीटचा चर बांधून वर काढता येण्याजोगी झाकणे टाकली तर चालेल का, आणि तो चर किती खोल असावा, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?