आप्पांच्या नाण्यांचे काय करायचे आणि केव्हा

दादा (न्यू जर्सी): आप्पा, माई म्हणाली की तुम्ही नाण्यांचा संग्रह देऊन टाकायचे ठरवले आहे. प्रकृती उत्तम असताना हा विषय आताच कशासाठी? पुढेमागे मीच तो सारा इकडे घेऊन येईन.

आप्पा: बाळा, ठरवले काहीच नाही, विचार मात्र सुरू केला आहे. भिंग धरले की शिवराईवरची, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावरची, अक्षरे मला अजून लागतात, आणि कोणते नाणे जुन्या बाजारात मिळाले, कोणते तुझ्या आजीच्या गाठोड्यातून आले, हेही अजून आठवते. घेणाऱ्याला नाण्याइतकीच ही माहितीही हवी असते.

ताई (नाशिक): दादा, तुला तो तिकडे नेता येणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, म्हणजे शिवराई तर सोडाच, पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२ पर्यंतचे रुपयेही त्यात आले. आणि इथे आम्हां कोणाला त्यातले कळते? १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्यामुळे ते नाणे मागे घेण्यात आले आणि बरेचसे वितळवले गेले. आप्पांनी जपलेला तो रुपया उद्या आपण सराफाकडे नेला, तर तो इतर रुपयांबरोबर काट्यावर चढेल आणि चांदीच्या भावाने जाईल. कोणीतरी हौसेने चिंच लावून तांब्याच्या शिवराया घासून काढल्या, तर त्यांच्यावरचा जुना थर जाईल आणि तो पुन्हा आणता येणार नाही. म्हणून वय किती झाले यापेक्षा आप्पांना स्वतः निवड करता येते आहे का, एवढेच पाहावे असे मला मनापासून वाटते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपले संग्रहालय १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केले आणि त्यानंतर ते १९९० पर्यंत हयात होते, याचा मला फार आधार वाटतो.

दादा: कायद्याचे मला माहीत नव्हते. पण आप्पा, सगळे एकदम गेले तर तुमची दुपार कशी जाईल, याची मला खरी काळजी आहे.

माई: मलाही तीच काळजी आहे. शिवाय लक्ष्मीपूजनाला मांडतो ते रुपये देव्हाऱ्यातच राहतील, त्यांना कोणी हात लावायचा नाही.

आप्पा: ते रुपये घरचेच आहेत, माई. माझा विचार असा आहे की आधी वही पुरी करावी, म्हणजे प्रत्येक नाण्याचे वजन, ते कोठून आले आणि त्यावर काय वाचता येते, हे लिहून ठेवावे. ज्यांच्या जोड्या आहेत ते रुपये याच वर्षी जाणत्या संग्राहकांना द्यावेत; त्यांत १९४० नंतरचे, निम्म्याच चांदीचे, पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात माझा जीव गुंतलेला नाही. शिवराया मात्र डोळे साथ देतील तोवर माझ्याजवळ राहू द्या, कारण दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांच्या, शिवरायांवरील अक्षरांतले फरक मी अजून टिपतो आहे. पण त्या कोणाकडे जाणार, हे आताच लिहून ठेवीन.

ताई: इथे नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. त्या शिवराया आणि सोबतची वही तिथले लोक स्वीकारतील का, हे मी या आठवड्यात विचारून येते.

दादा: ताई, वहीतली पाने फोटो काढून मला पाठव, मी ती टंकून देईन.