पुढचं सत्र आधीच वाचून काढायची घाई नको

दोन सत्रांमधल्या तीन आठवड्यांत पुढची सगळी पुस्तकं वाचून काढावीत, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. उदाहरणं न सोडवता वरवर वाचलेला विषय नुसता ओळखीचा वाटायला लागतो, आणि मग वर्गात 'हे तर येतंय' म्हणून लक्ष उडतं. शिवाय उजळणीविना वाचलेलं झपाट्याने विसरतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून हे १८८५ मध्येच दाखवलं होतं.

त्यापेक्षा मागच्या सत्रातला एकच कच्चा धडा घ्या, ज्यावर पुढचा विषय उभा आहे. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) येणार असेल तर बीजगणितातला किंवा त्रिकोणमितीतला. आधी पुस्तक बंद ठेवून दहा उदाहरणं सोडवा. कुठे अडतं ते तिथेच कळतं. अडलेला भाग वाचा, तीच उदाहरणं दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर. रोज पाऊण तास पुरतो, खरंच.

पहिले चार दिवस मात्र काहीच नको. परीक्षेतली जागरणं आधी भरून निघू देत.

आणि झोपेचं गणित बहुतेकांचं शेवटी चुकतं. सकाळी दहाला उठायची सवय लागली असेल तर सहावर यायला रोज अर्धा तास अलीकडे आणत आठ दिवस लागतात. सत्र सुरू व्हायच्या आदल्या रात्री लवकर आडवं होऊन झोप येत नाही, कारण शरीराचं घड्याळ एवढं पटकन सरकत नाही. उठल्याबरोबर उजेडात जा, त्याने फरक पडतो.