पानाच्या आकारावर जाऊ नका

पान हृदयाच्या आकाराचं म्हणजे मनी प्लांटच, हे मनी प्लांटवरच्या या चर्चेत आधी कुणीतरी मांडलेलं म्हणणं पटलं नाही. फिलोडेंड्रॉन या दुसऱ्या शोभेच्या वेलाचंही पान तसंच असतं. नवीन पान फुटताना बघा. फिलोडेंड्रॉनचं पान पातळ, गुलाबीसर आवरणातून बाहेर येतं आणि ते आवरण नंतर वाळून गळतं. मनी प्लांटला असं वेगळं आवरण नसतं. शिवाय त्याच्या देठाला वरच्या बाजूने पन्हळ असते, बोट फिरवलं की लगेच कळते.

'पाणी कमीच घाला' या चर्चेतल्या सल्ल्याला मात्र अनुमोदन. कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत मे महिन्यातला रोजचा तांब्या मी जुलैतही चालू ठेवला, आणि आठवड्यात खालची सात-आठ पानं पिवळी पडली. कुंडी उपडी केली तर मुळं काळी, मऊ, कुबट वासाची. निरोगी शेंडे पेराखाली कापून पाण्यात ठेवले, म्हणून वेल वाचला.