सल्ला हवा आहे: पाच जणांच्या वाचनगटासाठी विद्यापीठांतलं ताजं संशोधन कसं निवडावं?

उन्हाळी_पाऊस

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटतो, कॉलेजपासूनची मैत्री आहे, पण आता पाचही जण वेगवेगळ्या कामात. यंदा ठरवलं की दर महिन्याला एक खरा रिसर्च पेपर वाचायचा, त्याची बातमी नाही, पेपरच. विषय पाच: कॉम्प्युटिंग, गणित, ऊर्जा, कायदा आणि समाजशास्त्र. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक घेतला.

हे का सुचलं ते सांगते. मागे आम्ही एका बातमीवर तासभर बोललो होतो की जीपीटी-४ हे एआय अमेरिकेतल्या वकिलीच्या परीक्षेत वरच्या १० टक्क्यांत आलं. आमच्यातल्या एकीने तर त्यावरून मुलाला करिअरचा सल्ला पण देऊन टाकला. नंतर २०२४ चा एक पेपर हाती लागला, त्यात तोच दावा नीट तपासलाय. ज्यांच्याशी तुलना केली होती त्यांच्यात आधी नापास होऊन पुन्हा बसलेले बरेच होते. जुलैच्या परीक्षेला बसलेल्यांशी तुलना केली तर क्रमांक ६९ व्या पर्सेंटाइलच्याही खाली येतो आणि निबंधाच्या भागात साधारण ४८ वर. म्हणजे आकडा खोटा नव्हता पण कोणाच्या तुलनेत हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून चुटपुट लागून राहिलीय.

तर प्रश्न असा की निवड कशी करायची? कुणाचंही गणित बी.एस्सी.च्या पुढचं नाही, दोघांचं तर बारावीचंच. रोज अर्धा तास देऊ शकतो. विषयागणिक एक-एक पेपर सुचवलात तर फार बरं होईल. आणि का सुचवताय ते पण लिहा प्लीज.

तळटीप

छान धागा. मी गणित शिकवतो, त्यामुळे गणिताचंच बोलतो.

माझा निकष एकच आहे आणि तो मी विद्यार्थ्यांना पण सांगतो: पहिला पेपर असा घ्या ज्यातला मुद्दा स्वतःच्या हाताने टेबलावर करून बघता येईल. त्या हिशोबाने डोळे झाकून २०२३ चा 'हॅट' टाइल घ्या. प्रश्न पोराला पण कळतो: एकच आकार असा आहे का, की त्याने अख्खी जमीन फटी न ठेवता भरता येते पण नक्षी कधीच ठरावीक अंतराने रिपीट होत नाही? १९६६ मध्ये बर्गरने असा संच दिला त्यात २०,४२६ आकार होते, सत्तरच्या दशकात पेनरोजने ते दोनवर आणलं, आणि तिथे गाडी जवळपास पन्नास वर्षं अडली. मग डेव्हिड स्मिथ नावाच्या, आकारांशी खेळण्याचा छंद असलेल्या निवृत्त माणसाला हा १३ बाजूंचा आकार सापडला. त्याने वॉटर्लू विद्यापीठाच्या क्रेग कॅपलनना कळवलं, आणखी दोघं जोडले गेले, चौघांनी मिळून सिद्धता लिहिली.

जाड पुठ्ठ्यातून तीसेक हॅट कापा आणि बसा मांडायला. थोड्या वेळात लक्षात येईल की काही तुकडे उलटे करून ठेवावेच लागतात, आरशातल्या प्रतिमेसारखे. यावरच लोकांनी आक्षेप घेतला की मग हे दोन आकार झाले ना! त्याला उत्तर म्हणून त्याच चौघांनी दोनच महिन्यांत 'स्पेक्टर' दिला, त्यात उलटं करावं लागत नाही. पेपरमधली चित्रं आधी बघा, सिद्धतेचा कॉम्प्युटरवाला भाग पहिल्या वाचनात सोडून द्या, काही बिघडत नाही.

काठावरचा

तळटीप यांच्या निकषाला +१. कॉम्प्युटिंगसाठी माझं मत हॅश टेबलच्या पेपरला, जानेवारी २०२५ चा.

हॅश टेबल म्हणजे कॉम्प्युटरमधली माहिती ठेवायची लॉकरची रांग समजा. वस्तू ठेवायची तर नियमाने एक नंबर निघतो, तो लॉकर भरलेला असेल तर पुढचा नंबर, मग पुढचा. टेबल जितकं भरत जातं तितक्या जास्त फेऱ्या. ९० टक्के भरलं की मोकळी जागा सापडायला सरासरी १० फेऱ्या, ९९ टक्के भरलं की १००. समोर आलेली पहिली मोकळी जागा घ्यायचीच असा नियम असेल तर सगळ्यात वाईट प्रसंगी याहून बरं काही होणार नाही असा अँड्र्यू याओंचा १९८५ चा अंदाज होता. याओ म्हणजे ट्युरिंग पुरस्कार, कॉम्प्युटिंगमधला सगळ्यात मोठा मान, मिळालेला माणूस, त्यामुळे कुणी फारसं हात लावला नाही. रटगर्स विद्यापीठात पदवीला असलेल्या अँड्र्यू क्रापिविनने दुसऱ्याच एका पेपरशी खटपट करताना वेगळी रचना केली, आणि त्याला हा अंदाज माहीतच नव्हता! मग फराक-कोल्टन आणि कुझमॉल या दोघांसोबत सिद्ध केलं की १०० च्या प्रमाणात नाही, १०० च्या लॉगच्या वर्गाच्या प्रमाणात काम भागतं. टेबल जितकं जास्त भरलेलं तितका हा फरक वाढत जातो.

हातानेही होतं हे. कागदावर १०० चौकोन आखा, मोबाइलवर १ ते १०० मधला रँडम आकडा काढा, तो चौकोन रिकामा असेल तर भरा नाहीतर पुन्हा आकडा. सगळे भरायला सरासरी ५१९ वेळा आकडा काढावा लागतो आणि त्यातले २९३ फक्त शेवटच्या दहा चौकोनांसाठी जातात. हे एकदा स्वतः केलं की पेपरमधला प्रश्न नेमका कुठे दुखतो ते कळतं. अर्थात नवीन रचना स्वतः समजून घ्यायला दोन-तीन बैठका लागतील.

अजून एक, आमच्या क्षेत्रात जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला जास्त मान आहे, त्यामुळे 'हा तर जर्नलमध्ये आलाच नाही' म्हणून पेपर बाजूला टाकू नका. बहुतेक सगळं आर्काइव्ह (arXiv) या पेपरांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, ते १९९१ पासून चालू आहे. फक्त तिथे छापण्याआधीची तपासणी झालेली नसते हे ध्यानात ठेवा.

कलम_वाली

उन्हाळी_पाऊस ताई, तुम्ही सांगितलेला परीक्षेचा पेपर एरिक मार्टिनेझचा. तो वकीलही आहे आणि एमआयटीत भाषा आणि मेंदूचा अभ्यासही केलाय. त्याचंच दुसरं काम कायद्याच्या महिन्याला घ्या, मी स्वतः वकील आहे आणि या पेपरांनी माझी ड्राफ्टिंगची सवय बदलली.

प्रश्न असा, की कायद्याची भाषा कळत का नाही? सगळ्यांना वाटतं अवघड संकल्पनांमुळे. २०२२ च्या पेपरमध्ये करारांची भाषा इतर लिखाणाशी ताडून बघितली तर सगळ्यात मोठा दोषी निघाला वाक्याच्या पोटात वाक्य घालण्याची पद्धत. २०२३ मध्ये वकिलांनाच विचारलं, तर त्यांनाही साधी भाषा जास्त आवडली आणि ती तितकीच बंधनकारक वाटली. २०२४ मध्ये तर कमालच, वकील नसलेल्या लोकांना सांगितलं की गुन्ह्याला मनाई करणारा कायदा लिहा, तर त्यांनीही तशीच पोटात वाक्यं घातली! त्याच गुन्ह्याची गोष्ट लिहा म्हटलं की मात्र सरळ लिहिलं. संशोधक याला मंत्रासारखं म्हणतात, म्हणजे शब्दांना अधिकार यावा म्हणून आपण ते वेगळ्या थाटात म्हणतो. हे सगळं इंग्रजीवर झालंय पण मराठीत करून बघा. हे वाक्य वाचा:

'ज्या विमाधारकाचा हप्ता, जो कलम ४ मध्ये सांगितलेल्या मुदतीत, मग ती मुदत कंपनीने वाढवलेली असो वा नसो, देय होता, तो थकलेला नसेल, त्या विमाधारकाने केलेला दावा ग्राह्य धरला जाईल.'

आता हे: 'हप्ता मुदतीत भरावा. मुदत कलम ४ मध्ये दिली आहे. कंपनीने मुदत वाढवली असली तरी हाच नियम. हप्ता थकलेला नसेल तर दावा ग्राह्य धरू.'

अर्थ तोच राहिला. घरातली कुठलीही पॉलिसी काढा आणि एक कलम असं सोडवून बघा.

एआय आणि कायदा यातच रस असेल तर स्टॅनफर्डचा २०२४ चा अभ्यास आहे. वकिलांसाठी खास बनवलेली एआय टूल्स तपासली तर ती १७ ते ३३ टक्के वेळा चुकीची किंवा बनावट माहिती देत होती. आणि हो, अमेरिकेतली बरीचशी लॉ जर्नल्स विद्यार्थी संपादित करतात. त्यामुळे 'मोठ्या जर्नलमध्ये आलंय' याचा अर्थ कायद्यात वेगळा आणि विज्ञानात वेगळा.

सौरवाट

ऊर्जेच्या बाबतीत मला थोडं आडवं बोलायचंय. हाताने करून बघण्याचा निकष चांगला आहे पण आमच्याकडे तो चालणार नाही, सोलर सेल कोण घरी बनवणार. मी पेरोव्स्काइट सेलवर काम करते, म्हणजे पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकासारख्या पदार्थाचा पातळ थर देऊन केलेले सोलर सेल. माझा सल्ला, एक पेपर घेऊ नका, एक तक्ता घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने (डिसेंबर २०२५ पासून नाव 'नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज') १९७६ पासूनच्या सगळ्या विक्रमी सेलचा आलेख ठेवलाय. त्यात पेरोव्स्काइटची रेघ शोधा. २००९ मध्ये जपानात मियासाका यांच्या गटाने पहिला सेल केला तेव्हा कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उजेडातल्या किती ऊर्जेची वीज होते, ती होती ३.८ टक्के. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर दिलेला सेल २०२४ मध्ये ३४.६ टक्क्यांवर गेला, अर्थात तो विक्रम विद्यापीठाचा नाही, कंपनीचा. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच २९ च्या आसपास आहे, म्हणून याचं एवढं अप्रूप.

पण बातमी आली की दोन गोष्टी शोधा. सेल केवढा होता आणि किती तास टिकला. कित्येक विक्रम जेमतेम १ चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर होतात, नखाएवढा. आणि ओल, उष्णता, उजेड या तिन्हींचा या पदार्थाला त्रास होतो. मी स्वतः सकाळी काळाभोर दिसणारा थर दुसऱ्या दिवशी कडेने पिवळा पडलेला बघितलाय, आणि महिनाभराचं काम त्यात होतं. त्यामुळे कार्यक्षमतेचा आकडा ठळक आणि टिकण्याचा आकडा मागच्या पानांत असं असेल तर मी तो पेपर मागूनच वाचायला घेते.

फ्युजनबद्दल (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं) कुणी विचारणारच म्हणून आधीच लिहिते. डिसेंबर २०२२ च्या प्रयोगात लेझरने २.०५ मेगाज्यूल दिले आणि ३.१५ बाहेर आले, हे खरं आणि फार मोठं आहे. पण ते लेझर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा.

मोजपट्टी

समाजशास्त्रासाठी एकच, २०१८ चा. २९ टीम, ६१ संशोधक, सगळ्यांना एकच डेटा, एकच प्रश्न: फुटबॉलमध्ये रेफ्री सावळ्या-काळ्या खेळाडूंना जास्त लाल कार्ड देतात का? २० टीमना स्पष्ट 'हो' मिळालं, ९ ना नाही. कुणी लबाडी केली नाही. खेळाडूची पोझिशन धरायची का, कुठली लीग आहे ते धरायचं का, असे छोटे छोटे निर्णय प्रत्येकाने वेगळे घेतले आणि उत्तरं पांगली.

तुम्ही पाच जण आहात म्हणून हाच सांगतोय. कुठलाही छोटा डेटा घ्या, पाचही जणांनी एकमेकांशी न बोलता त्याच प्रश्नाचं उत्तर काढा, मग भेटा.

तळटीप

सौरवाट यांचं पटलं. माझ्या निकषाची अजून एक उणीव मीच सांगतो, काही सगळ्यात सुंदर गोष्टी त्यातून निसटतात. २०२४ मध्ये भौमितिक लँगलँड्स या गणितातल्या एका मोठ्या अंदाजाची सिद्धता आली, आठशेवर पानं, ती मलाही वाचता येत नाही. तिथे चांगला माहितीपर लेख वाचणं हाच मार्ग, आणि त्यात कमीपणा नाही. फक्त पहिल्या वर्षी नको.

आणि वाचायची पद्धत म्हणाल तर वॉटर्लूच्या केशव यांनी २००७ मध्ये मांडलेल्या तीन फेऱ्या वापरा. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची, फक्त शीर्षक, सारांश, प्रस्तावना, मथळे, निष्कर्ष. दुसरी तासाभराची, आकृत्या नीट बघत. तिसरी सगळ्यांनी करायची गरज नाही, ज्याचा विषय त्याने करावी.

उन्हाळी_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. उशिरा लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

काल पहिली भेट झाली, कायद्यापासून सुरुवात केली. प्रत्येकाने आपापल्या विमा पॉलिसीतलं एक कलम सोडवून आणलं होतं. माझ्या कलमात मूळ एकच वाक्य, ९४ शब्दांचं, त्याची सात वाक्यं झाली. सहावं लिहिताना लक्षात आलं की दावा किती दिवसांत कळवायचा ती अट मी इतकी वर्षं चुकीची समजत होते, मला वाटायचं दवाखान्यातून घरी आल्यापासून दिवस मोजतात, तिथे भरती झाल्यापासून लिहिलंय. आम्ही दोघींनी त्याच क्षणी घरच्यांना मेसेज केला. कलम_वाली, तुमच्यामुळे.

चौकोनांचं पण केलं, ४६८ वेळा आकडा काढला, शेवटचा एकच चौकोन ७७ वेळा हुलकावणी देत राहिला. बारावीचंच गणित झालेला आमचा मित्र म्हणाला आता मला त्या मुलाची नवीन रचना कळलीच पाहिजे, पुढचा महिना त्याने मागून घेतलाय.

सौरवाट, एक विचारायचं होतं. तक्ता उघडला पण रेघा इतक्या आहेत की गोंधळ होतो. टिकण्याचे तास त्यात कुठे दिसतात?

सौरवाट

त्या तक्त्यात तास नसतातच, तिथे फक्त कार्यक्षमता. तासांसाठी त्या त्या सेलचा मूळ पेपरच उघडावा लागतो. त्यात स्थिरतेचा आलेख शोधा, आडव्या अक्षावर तास असतात, आणि खाली बारीक अक्षरात तापमान, आर्द्रता आणि उजेड किती ठेवला होता ते लिहिलेलं असतं. कोरड्या नायट्रोजनमध्ये खोलीच्या तापमानाला ठेवलेले १००० तास आणि ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के आर्द्रतेतले १००० तास यात फार अंतर आहे. दुसऱ्यातले सापडले तर मला इथे नक्की कळवा, मलाही वाचायचाय तो पेपर.