फोन आला आणि मजकूर गेला: ही सेन्सॉरशिप की नुसती विनंती?

तळटीप: डिसेंबर २०१० मधलं विकिलीक्सचं, म्हणजे गोपनीय सरकारी कागदपत्रं उघड करणाऱ्या संकेतस्थळाचं, प्रकरण बघा. अमेरिकी सिनेटर जो लीबरमन यांच्या समितीच्या कर्मचाऱ्यांनी ॲमेझॉनकडे चौकशी केली आणि १ डिसेंबरला विकिलीक्स त्यांच्या सर्व्हरवरून बाहेर. कोर्टाचा आदेश नाही, विकिलीक्सवर तेव्हा आरोपपत्रही नाही. आठवडाभरात पेपाल, मास्टरकार्ड, व्हिसा यांनी देणग्या अडवल्या. आदेश असता तर कोर्टात जाता आलं असतं. फोनविरुद्ध अपील कुठे करायचं?

कायदेकानू: ॲमेझॉनचं म्हणणं तेव्हाच आलं होतं: चौकशीमुळे नव्हे, अटी मोडल्या म्हणून काढलं, हक्क नसलेला मजकूर ठेवता येत नाही. आणि लोकप्रतिनिधीने बोलायचंच नाही का? एकट्या सिनेटरच्या हातात ना परवाना, ना दंड.

तळटीप: दंड हातात लागतोच कशाला? १९६३ चा बँटम बुक्स खटला वाचा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या आयोगाला शिक्षेचा अधिकारच नव्हता. तो वितरकाला ‘आक्षेपार्ह’ पुस्तकांची यादी पाठवायचा, सहकार्याबद्दल आगाऊ आभार मानायचा (हे आभार फार बोलके आहेत) आणि यादी पोलिसांकडेही गेल्याचं कळवायचा. मग पोलीस विचारायला हजर: काय केलंत? वितरकाने दुकानांतून प्रती उचलून आणल्या. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

कायदेकानू: तिथे पोलीस दारात होते. सरकारने समाजमाध्यम कंपन्यांवर दबाव आणून पोस्ट काढायला लावल्या, असा आरोप असलेल्या २०२४ च्या मूर्थी खटल्यात वादी ६ विरुद्ध ३ ने हरले, कारण आपली पोस्ट सरकारच्याच सांगण्यावरून गेली हे त्यांना दाखवता आलं नाही. कंपन्या आधीपासून स्वतःचे नियम लावत होत्या.

गाळणी: त्याच वर्षीचा व्हुलो खटला सोडलात. ९-० निकाल! न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकाने लॉइड्स या विमा बाजाराला सुचवलं, की बंदूक संघटनांचा विमा थांबवा, मग बाकी तांत्रिक चुकांच्या मागे आम्ही फारसे लागणार नाही, असा एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेचा आरोप होता. तो खरा धरला तर ही जबरदस्तीच, असं कोर्ट म्हणालं. बोलणाऱ्याकडे तुमची फाइल आहे का, हे आधी बघायचं.

कंपनीने फोनवर होकार देऊच नये. कोणतं कलम, नेमका कोणता दुवा, हे लेखी मागवावं. स्वतःच्या अटींचं कारण पुढे करायचं असेल तर तीच अट आधी कोणाला लावली याची नोंद हवी. ती नसली की कारण मागाहून शोधलेलं दिसतं. काढलंच तर ग्राहकाला मागणीची प्रत द्यावी.

कायदेकानू: हे पटलं. शिवाय करार आहेच. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हॅलिटर या कार्ड-पेमेंट कंपनीला विकिलीक्सच्या देणग्यांची वाट पुन्हा उघडायला लावली, नाहीतर रोज ८ लाख क्रोना दंड.

तळटीप: वाट बंद झाली २०११ मध्ये, निकाल २०१३ चा.