भजनाच्या माइकची केबल घरी सोल्डर करावी की तयारच घ्यावी?

पेटीवाला, कुडाळ:
चतुर्थी जवळ आली की वाडीवाडीतले माइकसेट बाहेर निघतात आणि निम्म्या केबली मुक्या झालेल्या असतात. माझं मत ठाम आहे, भजनी मंडळातल्या एका तरी मुलाने सोल्डरिंग (वितळवलेल्या धातूने तारा जोडणं) शिकावं आणि केबली घरीच कराव्यात. हात बसवायला माइकच्या केबलीसारखी दुसरी वस्तू नाही. तारा तीनच, वीज नावापुरती, आणि जोड चुकला तर आवाज येत नाही एवढंच.

सामान फार लागत नाही. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, आत राळ भरलेली ६०/४० (कथील आणि शिसं) सोल्डर तार, कटर, ओला स्पंज. जॅकचं कव्हर आधी केबलीत ओवायचं, नवशिके नेमकं हेच विसरतात आणि सगळं पुन्हा सोडवत बसतात. मग तार सोलून पीळ द्यायचा, तारेला आणि पिनेला वेगवेगळी कल्हई करायची, म्हणजे सोल्डरचा पातळ थर द्यायचा, दोन्ही एकत्र तापवायचे. सोल्डर आयर्नच्या टोकाला नाही, तापलेल्या जोडाला लावायचं. ते गोठेपर्यंत तार हलू द्यायची नाही. एक्सएलआरमध्ये, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या जॅकमध्ये, १ नंबरला जाळी (आतल्या तारांभोवतीची विणलेली तार), २ ला हॉट, ३ ला कोल्ड (आवाजाच्या दोन तारा). जोड चकचकीत दिसला तर पक्का. मळकट, दाणेदार दिसला तर कच्चा, परत तापवा.

दुरुस्तीवाला, रत्नागिरी:
बुवा, उत्साह चांगला आहे, पण मी याच्या विरोधात आहे. घरी केलेल्या केबली माझ्या टेबलावर येतात तेव्हा बहुतेकदा सोल्डर शाबूत असतं, तार त्याच्या मागे तुटलेली असते. जॅकमधली पकड बाहेरच्या आवरणावर आवळलेलीच नसते, त्यामुळे सगळा ताण त्या नाजूक जोडावर येतो. दुसरं म्हणजे पेस्ट. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट लोक केबलीला लावतात आणि ती आत तशीच राहते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात तिथे हिरवा थर येतो. कार्यक्रम तोंडावर असताना नवशिक्याने हे करू नये. तयार दोन केबली घ्या, एक वापरा, एक पेटीत ठेवा.

पेटीवाला, कुडाळ:
पेस्टचं शंभर टक्के मान्य. तारेतली राळ पुरते, वेगळी पेस्ट आणूच नका. पण तयार केबलीचा जॅक बऱ्याचदा ओतीव असतो, उघडत नाही. तार मानेपाशी तुटली की दहा मीटरची चांगली केबल टाकून द्यायची? उघडणारा जॅक असेल तर दोन इंच कापून पुन्हा जोडता येते. खाऱ्या हवेवरही उपाय आहे. तांबं काळं पडलं असेल तर त्यावर सोल्डर धरणार नाही, लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापा. नवीन घेताना कल्हईच्या तारांची केबल मिळाली तर तीच घ्या. आणि दुसऱ्या बारीला बुवा गजर उचलतायत, तेवढ्यात माइक गेला, तर रात्री दीडला कुठलं दुकान उघडं असतं?

ताई, गुहागर:
सगळं ठीक, पण हे काम घरात कुठे करणार? ६०/४० मध्ये ४० टक्के शिसं असतं. आमच्याकडे मुलं जमिनीवर खेळतात, तिथेच जेवायला बसतात. तो धूर आणि ते थेंब मला घरात नकोत.

पेटीवाला, कुडाळ:
ताई, काळजी रास्त आहे. आयर्नच्या तापाला शिशाची वाफ होत नाही, धूर राळेचा असतो. तोही दम्याच्या माणसाला वाईटच, म्हणून पडवीत बसावं आणि पंखा धूर पलीकडे नेईल असा लावावा. शिसं पोटात जातं ते हातांवाटे. काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे, मध्ये खायचं-प्यायचं नाही, थेंब ओल्या फडक्याने टिपायचे.

ताई, गुहागर:
मग बिनशिशाचंच सोल्डर का सांगत नाही नवशिक्यांना? थोडं कठीण गेलं तर जाऊ दे.

पेटीवाला, कुडाळ:
६०/४० साधारण १८३ ते १९० अंशांत वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. तेवढ्या तापात नवख्या हाताकडून तारेचं प्लास्टिक आकसतं आणि जोडही मळकट दिसतो, त्यामुळे कच्चा की पक्का ते कळत नाही. पण लहान मुलं असतील त्या घरात तुमचंच बरोबर, बिनशिशाचं घ्या.

होडीवाला, मालवण:
बाबानू, माइकचा ठीक आसा, पण होडयेवर ह्या करू नकात. इंजिनाच्या थरथरीने सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होऊन मोडते. तिथे दाबून बसवलेले लग (तारेच्या टोकाचे धातूचे कान) आणि वरून आत गोंद असलेली स्लीव्हच (तापवल्यावर आवळणारी नळी) टिकते.

दुरुस्तीवाला, रत्नागिरी:
होडीवाल्या दादांशी सहमत. घरातल्या विजेच्या वायरीचंही तेच. तिच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली आवळू नका. दाबाने सोल्डर हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि जोड तापतो. माइकच्या केबलीबाबत माझं मत बदललेलं नाही. तरी करायचीच असेल तर गणपतीत नको, मे महिन्यात करा. मल्टीमीटरच्या बीपवर (तार सलग असली की तो वाजतो) तिन्ही पिना तपासा, एकमेकींना चिकटल्या नाहीत ना तेही बघा, आणि तपासताना केबल दोन्ही टोकांना हलवत राहा.