विषय: फॉर्म ६-अ, पासपोर्टवर सुरत आणि गाव शिरपूरकडचं

आप्पा:
मंडळी, आपण इथे परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांचं नाव मतदार यादीत घालायला फॉर्म ६-अ भरून घेतो, त्या शनिवारच्या नोंदणीत तीच अडचण पुन्हा येणार. पासपोर्टवर पत्ता सुरतेतल्या उधना नाहीतर लिंबायतचा, गाव शिरपूर-शहादा-अमळनेरकडचं, आणि नाव गावच्या यादीत हवंय. काय करायचं ते आजच ठरवा.

माई:
आप्पा, ठरवायला आपल्या हातात काही नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २०-अ. पासपोर्टमधला भारतातला पत्ता ज्या मतदारसंघात, नाव तिथेच. गावचा सातबारा, रेशनकार्ड जोडून उपयोग नाही. गावच पाहिजे तर आधी पासपोर्टवरचा पत्ता बदलून घ्यायचा, मग अर्ज.
अर्जाला पासपोर्टची फोटोची, पत्त्याची आणि व्हिसाची पानं, स्वतःच्या सहीनिशी. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा यादी सांभाळणारा अधिकारी, त्या पत्त्यावर जाऊन नातेवाइकांकडे चौकशी करतो. घराला कुलूप असलं तर कागद पडताळणीला वकिलातीकडे जातात आणि महिने निघून जातात, म्हणून घरी आधी फोन करून ठेवा. ज्यांनी इथलं, म्हणजे परदेशाचं, नागरिकत्व घेतलंय त्यांचा अर्ज घेऊच नका.

नाना:
माई म्हणतात ते बरोबर. पण मी म्हणतो, सुरतेतलं नाव गावी न्यायचंच कशाला? आपली माणसं कापडाच्या धंद्यापायी तिकडे गेली, वस्ती करून राहिली, यादीत आली, म्हणून तिथे त्यांना कोणी विचारतं. सी. आर. पाटील मूळ जळगाव जिल्ह्यातले, २००९ पासून नवसारीचे खासदार. २०२४ ला साडेसात लाखांहून जास्त मतांनी आले. ती सगळी मतं खान्देशी नव्हेत, पण उधना-लिंबायत त्याच मतदारसंघात आहेत. एकगठ्ठा वस्तीची मतं मोजली जातात. गावी एकेकटं नाव नेऊन काय होणार?

जिभाऊ:
नाना, एकेकट्या नावाला कमी लेखू नका. २०२४ ला धुळे लोकसभा ३,८३१ मतांनी गेली. विधानसभेला अक्कलकुवा तीन हजारांच्या आत, नवापूर जेमतेम अकराशेवर.
आणि याच सातपुड्याच्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत जातात. नंदुरबारला लोकसभेचं मतदान १३ मे २०२४ ला होतं, तेव्हा टोळ्या परतलेल्या असतात. विधानसभेचं २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडाशी. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल अंगावर, काम नवरा-बायको जोडीचं, त्यामुळे मतदानाला यायचं तर दोघांचा खाडा आणि वर जीपभाडं. पोस्टाने मत द्यायची सोय त्यांना नाही. यादीत नाव आहे, पण त्या दिवशी माणूस फडात आहे. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ ला रिमोट मशीन मांडलं होतं, कामाच्या गावी राहूनच आपल्या मतदारसंघात मत देण्यासाठी, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. पक्षांचं एकमत झालं नाही आणि ते तसंच राहिलं. मंडळाने निवेदन द्यायचंच तर याच्यासाठी द्यावं.

बापू:
ज्यांचं गावच्या यादीत जुनं नाव अजून आहे त्यांचं काय? राहू द्यायचं ना? गुजरातची तारीख वेगळी असते.

माई:
बापू, मुळीच नाही. गुजरातेत ७ मेला मतदान आणि शिरपूरला १३ मेला, म्हणून दोन्हीकडे नाव चालतं असं कोणी सांगत असेल तर त्याला इथेच थांबवा. कलम १७ प्रमाणे एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. अर्जात खोटं लिहिलं तर कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद. जुनं मतदार ओळखपत्र असेल तर ते ६-अ बरोबर जमा करायचं. परदेशी मतदाराला नवं ओळखपत्र मिळत नाही, मूळ पासपोर्ट दाखवूनच मत देता येतं.

नाना:
आणि तेही स्वतः बूथवर जाऊन. प्रतिनिधीकरवी मत द्यायचं विधेयक २०१८ ला लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत मंजूर झालंच नाही, २०१९ ला बाद झालं. २०२४ ला देशभरात परदेशी मतदार सव्वा लाखाच्या आसपास नोंदलेले, प्रत्यक्ष मत दिलं तीन हजारांच्या आत, त्यातलेही बहुतेक केरळचे. अर्ज घेताना हे प्रत्येकाला सांगा, नाहीतर घरबसल्या मत देता येईल असं समजून लोक फॉर्म भरतात.

जिभाऊ:
टोळ्यांचं कोणी बोललंच नाही.

आप्पा:
जिभाऊ, तुमचं निवेदन पुढच्या सभेत घेऊ, मसुदा तुम्हीच आणा. शनिवारी पहिल्या टेबलावर फक्त पासपोर्टवरचा पत्ता बघायचा. सुरतेचा असेल तर अर्ज सुरतेचाच भरायचा, आणि ज्याला ते नको त्याला पत्ताबदलाचे कागद सांगून परत पाठवायचं. माई, त्या टेबलावर तुम्ही बसाल का?